आर्द्रतेच्या टक्क्यांचे कोडे

रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत हवामानाचे आकडे रोज येतात. कमाल तापमान, किमान तापमान आणि सगळ्यांत शेवटी आर्द्रता. तापमानाचा आकडा आपण लक्ष देऊन ऐकतो, आर्द्रतेचा मात्र कानावरून जातो. 'आज आर्द्रता ९० टक्के म्हणजे हवेत ९० टक्के पाणी का?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर उत्तर देताना पुष्कळांची गडबड उडते. म्हणून या वेळी एका कोड्यापासून सुरुवात करू. वर्गात फळ्यावर पुढील दोन नोंदी लिहा.

पहिली : विदर्भातील मे महिन्याची दुपार. तापमान ४२ अंश सेल्सिअस, आर्द्रता १५ टक्के.

दुसरी : नाशिककडची जानेवारीची पहाट. तापमान १० अंश, आर्द्रता ९० टक्के.

कोणत्या हवेत पाण्याची वाफ जास्त? सगळा वर्ग 'दुसऱ्या' असे ओरडेल. उत्तर असे, की दोन्हींत सारखीच! दोन्हीकडे एक घनमीटर हवेत सुमारे ८.५ ग्रॅम बाष्प आहे.

टक्के कशाचे?

कोणत्याही तापमानाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकते, याला मर्यादा असते. ती गाठली की हवा संपृक्त झाली असे म्हणतात. ही मर्यादा १० अंशांना सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३, ३० अंशांना ३०.४ आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम असते. म्हणजे दर दहा अंशांना ती जवळजवळ पावणेदोन पट होते. हवेतील प्रत्यक्ष बाष्प या मर्यादेच्या शेकडा किती, ते सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. मर्यादाच तापमानाबरोबर बदलत असल्यामुळे तापमान सांगितल्याशिवाय नुसत्या टक्क्यांवरून हवेत किती पाणी आहे हे कळत नाही.

आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वर्ग घ्या. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या 'रिकाम्या' वर्गाच्या हवेत चार लिटर पाणी तरंगत असते. मुलांना गणित करायला सांगा. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

आता वरील जानेवारीच्या पहाटेचे पुढे काय होते ते पाहू. दुपारी तापमान २९ अंशांवर गेले. बाष्प तेवढेच, ८.५ ग्रॅम, पण मर्यादा सुमारे २९ ग्रॅम झाली. आर्द्रता ९० वरून ३० टक्क्यांवर आली. हवेतून पाणी कोठेही गेले नाही, तरी ओठ फुटतात आणि कपडे तासाभरात वाळतात. रात्री याच्या उलट घडते. हवा गार होत होत ज्या तापमानाला संपृक्त होते तो दवबिंदू. त्याखाली गेलेल्या पानांवर दव जमते. द्राक्षबागाईतदार दमट, ढगाळ दिवसांत धास्तावतो तो यामुळेच. केवड्याच्या बुरशीला पानावर पाण्याचा पातळ थर हवा असतो.

ढग ग्रॅम मोजतात

ढग आणि पाऊस यांना हिशेब लागतो तो प्रत्यक्ष बाष्पाचा. अरबी समुद्रावरून आलेली मोसमी हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते व थंड होते. बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तिने २० अंशांचे सात किलो पाणी उकळीला आणता येईल. ही उष्णता हवेला आणखी वर ढकलते. वादळाचे इंधन ते हेच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलात, की हजार मिलिमीटरही भरत नाही. बरेचसे पाणी वरच गळून गेलेले असते आणि खाली उतरणारी हवा तापून कोरडी होते.

लाकूड टक्के मोजते

केस, लाकूड, कातडे, कागद, सूत यांचे वागणे मुख्यतः टक्क्यांवर ठरते. हवेची टक्केवारी वाढली की ते पाणी शोषतात, उतरली की सोडतात. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते. गंमत अशी, की लाकूड रेषांना आडवे फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणून फळ्यांचे दार रुंदीतच अडते. हलगीवाला वाजवण्यापूर्वी हलगी आगटीवर शेकतो, कारण ओलसर कातडे सैल पडते. शेकल्यावर त्यातील पाणी जाते आणि ते ताणले जाते.

स्वित्झर्लंडच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली वर्णन केलेले आर्द्रतामापक यंत्र चालत असे माणसाच्या केसावर. कोरड्या हवेतून संपृक्त हवेत नेल्यास केस शेकडा दोन-अडीचने लांबतो. तेवढ्यावर काटा फिरतो.

स्वयंपाकघरातील मीठसुद्धा टक्के ओळखते. शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाझरू लागते. खडे मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच पाणी ओढते. म्हणून बरणी लवकर ओलावते.

शरीर दोन्ही पाहते

शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन भागत नाही. घाम किती वेगाने वाळेल, हे तापमान आणि आर्द्रता मिळून ठरवतात. याचे सोपे माप म्हणजे ओले फडके गुंडाळलेला तापमापक. ४२ अंश आणि १५ टक्के असताना तो सुमारे २२ अंश दाखवतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असताना तो २८ अंश दाखवतो! म्हणून नागपुरात कूलर आणि माठ उपयोगी पडतात, मुंबईत पडत नाहीत. अर्थात कोरडा उन्हाळा निरुपद्रवी नव्हे. तेथे घाम दिसण्यापूर्वीच वाळतो आणि शरीरातील पाणी नकळत संपते.

ओला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर निरोगी माणूस सावलीत पंख्याखाली बसूनही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे गणिताने मांडले गेले होते. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील प्रयोगांत २०२२ साली दिसले, की दमट हवेत तरुण, निरोगी माणसांचीही शरीर थंड राखण्याची क्षमता ३१ अंशांच्या आसपासच अपुरी पडू लागते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी परिसरात नोंदलेले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. पण किनाऱ्याजवळची दमट हवा आणि डोक्यावरचे ऊन यांचा हिशेब त्या एका आकड्यात येत नाही.

शाळेत करून पाहा

दोन सारखे तापमापक सावलीत शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडा. पट्टीला पुठ्ठ्याने वारा घाला आणि आकडा उतरायचा थांबला की दोन्ही नोंदवा. फरक मोठा तर हवा कोरडी, फरक लहान तर दमट.

दुसरा प्रयोग दवबिंदूचा. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन बर्फाचे तुकडे एकेक टाका व ढवळत राहा. बाहेरची चकाकी मंदावली की पाण्याचे तापमान वाचा. खोली ३० अंशांची आणि पेला २० अंशांना धुरकटला, तर वर दिलेल्या आकड्यांवरून आर्द्रता ५५ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान निघते.

या नोंदी वर्षभर ठेवून सूचनाफलकावर लावाव्यात, असे आम्ही सुचवू. क्रीडास्पर्धेची किंवा कवायतीची वेळ ठरवताना मुख्याध्यापकांनी त्या फलकाकडेही एकदा पाहावे. ओला तापमापक २८ च्या पुढे सरकला असेल, तर मुलांना उन्हात उभे करू नये. तासभर थांबून सावलीत पाणी द्यावे. दीड बोटाच्या मलमलीच्या पट्टीने सांगितलेली ही गोष्ट त्या दिवशी पुस्तकातील सगळ्या व्याख्यांपेक्षा मोलाची ठरेल.