मगरीने कुत्र्याला का सोडले?

वसईच्या एका शाळेत नववीच्या मुलांशी बोलत असताना एका मुलीने विचारले, "महाडच्या मगरींनी कुत्र्याला वाचवले, हे खरे का?"

प्रसंगाची नोंद खरी आहे. सावित्री नदीतील मगरींवर उत्कर्षा चव्हाण व मनोज बोरकर यांचा लेख २०२३ साली प्रसिद्ध झाला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केल्यामुळे एक कुत्रा नदीत उतरला. जवळच तीन मोठ्या मगरी होत्या. त्यांनी त्याला पकडले नाही, उलट नाकाडाने ढकलत सुरक्षित काठाकडे नेले. यामागे सहानुभूती असावी, असे लेखकांनी सुचवले. निरीक्षण मला मान्य आहे, अनुमान मात्र घाईचे वाटते.

मगर भक्ष्यामागे धावत नाही, दबा धरते. नाकपुड्या, डोळे आणि कान डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने बाकीचे शरीर पाण्याखाली लपते. घशाशी असलेल्या पडद्यामुळे पाण्यात तोंड उघडले तरी श्वासनलिकेत पाणी जात नाही. जबड्यांवर बारीक ठिपके दिसतात. ती स्पर्शेंद्रिये आहेत. पाण्यातली हलकीशी लहरही त्यांना जाणवते, त्यामुळे अंधारातही भक्ष्याची जागा कळते. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे मात्र दुबळे. मगरीला चावून खाता येत नाही. मोठे भक्ष्य धरून ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि लचका तोडते.

शिवाय ती रोज जेवत नाही. शरीर उबदार ठेवण्यासाठी आपल्याला अन्न जाळावे लागते, तिला ऊन पुरते. (पवईच्या तलावाकाठी कधी मगर दिसली, तर ती किती वेळ हलत नाही हे मुलांना मोजायला सांगा. दुरूनच!) तेव्हा पोट भरलेल्या मगरीने कुत्र्याला सोडले, यात नवल नाही.

पण ढकलले का? इथे भुकेचा हिशोब अपुरा पडतो. मगरीची मादी नुकतीच जन्मलेली पिल्ले याच जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते, म्हणजे हळुवार स्पर्श तिला नवा नाही. कदाचित त्या संवेदनशील नाकाडाने कुत्र्याला नुसते चाचपत असतील, कदाचित आपल्या जागेतून हुसकावत असतील. एका प्रसंगावरून निवाडा होणार नाही. अशा अनेक नोंदी हव्यात, आणि मगरींनी कुत्रा पकडल्याच्या नोंदीही तितक्याच काळजीने ठेवायला हव्यात.

मुलीचा पुढचा प्रश्न होता, "मग माणसालाही सोडतील?" कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यात मगरीच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. ती मगर आणि सावित्रीतली मगर एकाच जातीची, क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस.