विमानही थकते

बिरसीच्या लोकांना विमानाचे नवल नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे विमानतळ बांधला. पुढे तिथे विमान चालवायचे शिक्षणही सुरू झाले. शिकणारा विमान उडवतो, उतरवतो, पुन्हा उडवतो.

तुम्ही म्हणाल, "एवढ्या खेपा करून विमान थकत नाही का?"

थकते. कसे, ते घरीच पाहा. लोखंडी तारेचा एक तुकडा घ्या. एकदा वाकवा. तुटत नाही. आता त्याच जागी पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवा. तार कटकन तुटते. जोर तेवढाच होता, पण तो पुन्हा पुन्हा लागला. याला धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा झोपेने जातो. धातूचा जात नाही. तो साठत जातो.

1954 साली 'कॉमेट' जातीची दोन इंग्रजी विमाने इटलीजवळ आकाशातच फुटली. 56 माणसे दगावली. विमाने तर फार जुनी नव्हती. मग झाले काय?

उंचावर हवा विरळ असते. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. विमान फुग्यासारखे ताणते. खाली आले की सैल पडते. इंजिनिअरांनी तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवले. आत पाण्याचा दाब चढवला, उतरवला. असे कितीदा तरी केले. आधीच्या आणि टाकीतल्या मिळून 3057 खेपा झाल्या, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून पत्रा फाटला.

म्हणून विमानाचे वय नुसत्या वर्षांनी मोजत नाहीत. ते किती तास उडाले, किती वेळा उतरले, हे वहीत लिहितात. ठरल्या वेळी बारीक चीर शोधतात. चीर केवढी आहे, किती वेगाने वाढते, यावरून उरलेले आयुष्य काढतात. धोक्याआधीच तो भाग बदलतात.

आपल्या धानाच्या ट्रॉलीचा हूकही दर झटक्याला थकतो. तो घासून स्वच्छ करा. विस्तवापासून दूर बसून त्याला रॉकेल लावा. थोड्या वेळाने कोरडा पुसा. वर खडूची पूड चोळा. चीर असली तर आतले रॉकेल वर येते. खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर हूक बदला. वरून वेल्डिंग मारून भागवू नका. रेघ नाही दिसली, तरी पुढच्या हंगामात पुन्हा पाहा.

काल ओझे ओढले, म्हणून उद्याही ओढेल, असे धरून चालू नका. ट्रॉलीवर आपलीच माणसे बसलेली असतात.