जूनचा गणवेश दिवाळीआधीच का फाटतो? कापड घेताना 'या' गोष्टी तपासा

सोलापूर : जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा गणवेश कडक, चकचकीत असतो. गणपतीपर्यंत कॉलर विरते, पितृपंधरवड्यात गुडघ्याला भोक पडतं आणि दिवाळीच्या सुट्टीत आई-बापाला पुन्हा कापड दुकानाची पायरी चढावी लागते. मोहोळ, माढा, करमाळा, सांगोला, अक्कलकोट, कुठल्याही तालुक्यात पालकांना विचारलं तर तक्रार हीच. 'पोरगं लई आडदांड आहे' म्हणून विषय सोडून दिला जातो. पण दोष दर वेळी पोराचा नसतो. गणवेश किती टिकणार हे बरंचसं तो अंगावर चढण्याआधीच, कापड आणि शिलाई ठरते तेव्हाच ठरलेलं असतं.

यात गावाचा थेट संबंध आहे. जिल्हा परिषद शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मोफत मिळतात. त्यासाठी एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे दोन गणवेशांना ६०० रुपये असा दर आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने कापडाची खरेदी एकत्रित केली होती. गणवेश उशिरा मिळाल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलला. २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे कुठलं कापड घ्यायचं हे ठरवायला आता गावातलेच पालक बसतात. त्यांनी काय बघायचं, हे माहीत असलं पाहिजे.

कापड कुठे कमी केलं जातं?

कपड्याच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच. भाव पाडायचा असेल तर कात्री पहिली तिथेच लागते.

कापडात उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. एका इंचात हे धागे किती, यावर कापडाची वीण दाट की विरळ ते ठरतं. यंत्रमागवाले त्याला 'रीड-पीक' म्हणतात. इंचामागे आडवे धागे कमी केले की सूतही वाचतं आणि विणायचा वेळही वाचतो. कापड लांबून तसंच दिसतं, पण धागे एकमेकांना धरून राहत नाहीत, सरकतात. शिवण उसवण्याआधी शिवणीच्या कडेचं कापडच जाळीसारखं सुटतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट खळ. माग चालवताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात, ती कामाचीच असते. पण विरळ कापडाला शेवटी जादा खळ चढवली की ते हाताला जाड आणि कडक लागतं. पहिल्या धुण्यात खळ पाण्यात जाते आणि हातात लुळं फडकं राहतं. 'दुकानात बघितलं तेव्हा चांगलं होतं' असं लोक म्हणतात, ते खरंच असतं.

तिसरी गोष्ट धाग्याची. आखूड तंतूंच्या सुताची टोकं घासण्याने बाहेर येतात आणि त्यांचे गोळे होतात. निव्वळ सुती कापडावरचे गोळे काही दिवसांनी झडून जातात. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असतं. ते मजबूत असल्यामुळे गोळे तुटत नाहीत, कापडाला चिकटून राहतात. म्हणून पॅन्टच्या बुडाला आणि दप्तर घासतं त्या पाठीवर कापड खरबरीत होतं.

दुकानात दोन मिनिटांची तपासणी

● कापड उजेडाकडे धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसत असतील तर वीण विरळ आहे.

● कापडाची दोन टोकं एकमेकांवर जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा कापड लगेच मऊ झालं तर खळ जास्त आहे.

● कोपरा मुठीत दाबून धरा आणि सोडा. खूप चुरगळलं तर सूत जास्त, अजिबात चुरगळलं नाही तर पॉलिस्टर जास्त.

● खात्री करायची असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.

● ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रुमालाला रंग लागला तर तो रंग टिकणार नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही.

● तयार कपडा असेल तर उलटा करून बघा. शिवणीच्या आत माया किती सोडली आहे? पाव इंचाहून कमी असेल तर ताण पडला की उसवणारच. टाके मोजा. इंचात आठच्या खाली असतील तर शिलाई घाईची आहे. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि पॅन्टच्या सांध्यावर दुहेरी टीप हवी.

समितीसाठी सोपा उपाय : सोनाराचा काटा

दोनशे मुलांचं कापड घ्यायचं तर नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नये. कापडाचा दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर तुकडा मापून कापायचा आणि धुऊन वाळवायचा, म्हणजे खळीचं वजन निघून जातं. आकसला असेल तर पुन्हा त्याच मापाचा तुकडा घ्यायचा. मग सोनाराच्या काट्यावर वजन करायचं. जेवढे ग्रॅम येतील त्याला शंभरने गुणलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं. व्यापारी यालाच 'जीएसएम' म्हणतात. तुकडा १.२ ग्रॅम भरला तर कापड १२० जीएसएमचं. शर्टाचं कापड साधारण ११० ते १३० आणि पॅन्टचं किंवा स्कर्टचं १८०च्या पुढे असेल तर ते रोजच्या वापराला बरं.

नमुना पसंत पडला की त्याचे दोन तुकडे करून दोन्हींवर व्यापाऱ्याची सही घ्यावी. एक शाळेत ठेवावा. एक एखाद्या पालकाने घरी तीन-चार वेळा धुऊन बघावा, मगच ऑर्डर द्यावी. माल आला की शाळेतल्या नमुन्याशी ताडून बघावा. सूत किती टक्के, पॉलिस्टर किती टक्के, हे बिलावर लिहून घ्यावं. गणवेश तयार करणारे मोठे उद्योग सोलापूर शहरातच आहेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे नमुने मागवणं अवघड नाही.

अडचण एक आहेच. पहिलीच्या मुलाला आणि आठवीच्या मुलाला दर एकच. मोठ्या मुलाला कापड जास्त लागतं. तिथे रक्कम बसवायला जाडी कमी करायची की मायेत कसर करायची, असा मोह होतो. त्याऐवजी सगळ्या शाळेचं कापड एकत्र घ्यावं. लहान मुलांचं कमी आणि मोठ्यांचं जास्त अशी सरासरी बसते.

स्वस्त की महाग? हिशेब करून बघा

घरून विकत घेताना हिशेब महिन्यावर करावा. समजा २५० रुपयांचा शर्ट चार महिने टिकला, तर महिन्याला साडेबासष्ट रुपये पडले. ४०० रुपयांचा दहा महिने टिकला, तर चाळीस रुपये. स्वस्त तोच महाग पडला. पण जून म्हणजे पेरणीचा महिना. बी-बियाणं, खत आणि शाळेचा खर्च एकदमच येतो. हातात अडीचशेच असतात तेव्हा चारशेचा शर्ट कसा घेणार? मजुरी करणाऱ्या घराला कमी टिकणारा कपडा वर्षातून दोनदा घ्यावा लागतो, तो यामुळे. म्हणून मोफत मिळणारे दोन गणवेश चांगल्या कापडाचे असणं अशा घरांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

धुण्याने किती आयुष्य जातं?

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा फेस येत नाही, चोथा होतो आणि तो कापडात बसतो. कपडा कडक होतो, पांढरा शर्ट पिवळट दिसतो. मग ब्रश आणि ब्लीचचा मारा होतो आणि कॉलर तिथेच विरते. सुती कापड ओलं असताना जास्त मजबूत असतं, म्हणून धोपाटणं सहन करतं. रेयॉनचं उलटं आहे. ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. बाजारातल्या रेयॉनच्या कुर्त्या दगडावर घासल्या की लवकर जातात ते यामुळेच.

कपडा उलटा करून धुवावा. कॉलरला आधी साबण लावून दहा मिनिटं ठेवावा, म्हणजे घासावं कमी लागतं. वाळत घालताना सावली बघावी, कडक उन्हात रंगही जातो आणि धागाही कमजोर होतो. नवीन पॅन्ट शिवताना गुडघ्याला आतून त्याच कापडाचा तुकडा लावून घ्यावा. शहाबादी फरशीवर बसणाऱ्या पोरांच्या पॅन्टी आधी तिथेच जातात. खाली दोन इंच कापड आत मुडपून ठेवलं तर पुढच्या वर्षी उंची वाढली तरी चालते.

माल खराब निघाला तर?

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं पावतीवर छापलं म्हणून दुकानदार सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला हवेत. रंग आवडला नाही हा दोष नव्हे, पण पहिल्या धुण्यात रंग गेला किंवा शिवण उसवली तर तो दोष आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. मात्र हातात बिल हवं. बाजारच्या दिवशी पालावर घेतलेल्या कपड्यालासुद्धा तारीख आणि विक्रेत्याचं नाव असलेली साधी पावती मागावी.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. गणवेशाचा विषय निघेल त्या दिवशी जाताना मोजपट्टी आणि कात्री बरोबर न्या.