गर्भावस्थेतील थायरॉईडची अल्पक्रियता : माता व अर्भक यांवरील परिणाम

गरोदर स्त्रीला थकवा येतो, बद्धकोष्ठता होते, अंगावर सूज दिसते, वजन वाढते. 'दिवस गेले की असे व्हायचेच' अशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया समजूत घालतात व ती बहुधा योग्यही असते. परंतु हीच लक्षणे थायरॉईड ग्रंथीच्या अल्पक्रियतेचीही आहेत. त्यामुळे हा विकार गर्भावस्थेच्या आड सहज लपतो व रक्तातील टी.एस.एच.ची तपासणी केल्याशिवाय त्याचे निश्चित निदान होत नाही.

मानेच्या पुढील भागातील ही ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन तयार करते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारणतः बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास सक्षम होते. तोपर्यंत गर्भाच्या मेंदूची जडणघडण मातेच्या थायरॉक्सिनवरच अवलंबून असते. न्यूनता तीव्र असल्यास मातेला गर्भपात, उच्च रक्तदाब, रक्तक्षय यांचा, तर अर्भकाला अपुऱ्या दिवसांचा जन्म व कमी वजन यांचा धोका वाढतो.

बौद्धिक वाढीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतील जेम्स हॅडो व सहकाऱ्यांच्या 1999 मधील अभ्यासात, उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी आढळला. याउलट 2012 व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, गर्भावस्थेत उपचार करूनही मुलांच्या बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. मात्र त्यांतील बहुतेक स्त्रिया सौम्य न्यूनतेच्या होत्या आणि औषध सुरू झाले ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा. म्हणजे वेळेचा मुद्दा या चाचण्यांनी निकाली काढलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे स्थलांतर करतात. हंगामात गर्भ राहिलेल्या स्त्रीचे पहिले तीन महिने फडावर व कोपीत जातात. गावच्या उपकेंद्रातील नोंदणी परतल्यावर होते. केंद्र शासनाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सरसकट नव्हे, तर जोखमीच्या गर्भवतींच्या तपासणीची शिफारस करतात. पूर्वीचा गर्भपात, गलगंड, वय तीसहून अधिक, स्थूलता ही जोखीम विचारपूस केल्यावरच कळते. ती करणारी व्यक्ती दर हंगामात बदलत असेल तर मागचा गर्भपात नोंदवायचा राहून जातो.

उपचार सोपा व स्वस्त आहे. लिव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. परंतु गर्भवतीस शासकीय योजनेतून लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात आणि त्या थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणतात. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. सर्व गोळ्या एकदमच घेऊन मोकळे होण्याची सवय असल्याने ही सूचना गोळ्या देतानाच तोंडी सांगणे आवश्यक आहे.

आयोडीनयुक्त मिठाची सक्ती 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. तथापि स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेल्या आघातामुळे उद्भवणारी न्यूनता मिठाने टळत नाही. प्रसूतीनंतर मात्रा कमी करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात.