वाघ आधी ऐकू येतो
ज्ञानेंद्रियांची ओळख : लेखांक ३

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की दोनेक तासांत पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सिल्लारी किंवा खुर्सापार गेट येते. आत गेल्यावर जाणता गाईड अधूनमधून जिप्सीचे इंजिन बंद करायला लावतो. तो 'कॉल'ची, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर प्राणी देतात त्या इशाऱ्याच्या हाकेची, वाट पाहत असतो. चितळ ओरडले तर तो सावध होतो, पण लगेच गाडी वळवत नाही. चितळ नुसत्या संशयानेही ओरडते. झाडावरचे वानर खाकरू लागले की भरवसा वाढतो, कारण त्याला उंचावरून सगळे दिसते. आणि सांबराने 'पोंक' असा आवाज पुन्हा पुन्हा दिला, की गाडी त्या दिशेने निघतेच. एका जातीची हाक दुसऱ्या जातीला कळते, म्हणून हे सारे रान एकमेकांच्या कानांवर जगते. गेल्या आठवड्यात आपण डोळ्याविषयी वाचले. डोळ्याला झुडपाआडचे, पाठीमागचे, मिट्ट काळोखातले दिसत नाही. तिथे कान उपयोगी पडतो.

आवाज कुठून आला हे कसे कळते? तो एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित उशिरा पोहोचतो. माणसाच्या बाबतीत हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो आणि मेंदू तेवढ्यावर दिशा ठरवतो. उंदराचे डोके एवढेसे, त्यामुळे हा फरक जवळजवळ उरतच नाही. डोक्याच्या आडोशाने एका कानाला आवाज कमी पोहोचतो, त्यावरही दिशा कळते. पण लहान डोके फक्त उंच पट्टीचे आवाज अडवू शकते. म्हणूनच लहान सस्तन प्राण्यांना उंच पट्टीचे ऐकू येते, असे अनेक संशोधक मानतात. माणूस २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्रा सुमारे ४५,००० पर्यंत, मांजर ६४,००० पर्यंत. हत्तीची वरची मर्यादा मात्र १२,००० च्या आसपासच आहे. उलट माणसाला ऐकू न येणाऱ्या खर्जात हत्ती एकमेकांशी बोलतात; संशोधक केटी पेन यांना १९८४ मध्ये त्याचा सुगावा लागला. खर्जाचे आवाज पानाफांद्यांत फारसे विरत नाहीत, दूर जातात. वाघाच्या डरकाळीतही असा खर्ज असतो.

गव्हाणी घुबडाची रचना मला सर्वांत विलक्षण वाटते. त्याच्या दोन कानांची छिद्रे एका उंचीवर नसतात. त्यामुळे आवाज डावीकडून की उजवीकडून एवढेच नव्हे, तर वरून की खालून हेही त्याला नेमके कळते, आणि पूर्ण अंधारात ते केवळ खसखस ऐकून उंदीर उचलते.

आता आपला कान. पडदा थरथरतो, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे ती थरथर आतल्या शंखाकृती नळीतील द्रवापर्यंत नेतात. तिथे प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. नळीच्या तोंडाशी उंच पट्टी ऐकणाऱ्या, टोकाशी खर्ज ऐकणाऱ्या. तोंडाशी असलेल्या सहसा आधी मरतात. मग 'स', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने निसटतात आणि घरातले आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलता ते कळत नाही." पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, १९८० च्या दशकात हे सिद्ध झाले. माणसात त्या उगवत नाहीत. गेली ती गेली. म्हणून कान गोंगाटापासून जपायला हवेत, आपले आणि रानातल्या प्राण्यांचेही.

पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाट ठेवली आहे, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. मध्य प्रदेशातील सिवनीच्या बाजूला तर गाड्यांचा आवाज आणि उजेड अडवायला कडेने भिंती उभारल्या आहेत. सांबराच्या कानांचा एवढा विचार झाला, हे फार चांगले झाले. नागपुरातल्या तान्ह्या बाळाच्या कानांचाही तेवढाच व्हायला हवा. नियमानुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलच्या डीजेसमोर जेमतेम पंधरा मिनिटे.

आवाज मोजायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) 'नॉईज ट्रॅकर' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. मिरवणुकीत लहान मुलांना स्पीकरजवळ नेऊ नका, ढोल वाजवणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत, आणि घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली व दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नका.