भाल्याला घातला लगाम!

बालमित्रांनो, नवं तंत्र आलं की खेळातले विक्रम भराभर मोडतात, हे तुम्ही ऐकलं असेल. बांबूच्या जागी फायबर ग्लासची काठी आली आणि बांबूउडी मारणारे खेळाडू कितीतरी उंच जाऊ लागले. गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ आली आणि हॉकीचा वेग वाढला. पण एखादं साधन फारच चांगलं झालं, म्हणून त्याला मुद्दाम मागे खेचावं लागलं, असं कधी ऐकलंय? भालाफेकीत अगदी असंच घडलं. कसं ते पाहू या.

पूर्वी भाला लाकडाचा असे. 1950 च्या दशकात अमेरिकेचा भालाफेकपटू बड हेल्ड आणि त्याचा भाऊ डिक यांनी भाल्याचा आकारच बदलायचं ठरवलं. भाल्याचं वजन ठरलेलं असतं. पुरुषांसाठी ते कमीत कमी 800 ग्रॅम हवं. मग या भावांनी काय केलं? आतून पोकळ आणि थोडा जाड भाला बनवला. वजन तेवढंच, पण हवेला टेकायला जागा जास्त! हा भाला हवेवर तरंगत लांब जाई. 1953 मध्ये बड हेल्डने 80 मीटरचा टप्पा ओलांडला. जगात पहिल्यांदाच!

पुढे धातूचे भाले आले, सरावाच्या पद्धती सुधारल्या आणि आकडे वाढत गेले. 20 जुलै 1984 रोजी पूर्व बर्लिनमध्ये उवे होन या पूर्व जर्मनीच्या खेळाडूने भाला फेकला. किती लांब असेल? 104.80 मीटर! आपल्या कबड्डीच्या मैदानाची लांबी 13 मीटर. अशी आठ मैदानं एकापुढे एक मांडा, म्हणजे अंदाज येईल.

टाळ्या वाजल्या, पण अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मैदानाच्या त्याच हिरवळीभोवती धावपट्टी असते आणि तिथे इतर स्पर्धा चालू असतात. भाला आणखी थोडा लांब गेला, तर? शिवाय दुसरीही एक अडचण होती. टोक आधी जमिनीला लागलं तरच फेक ग्राह्य धरतात. तो जुना भाला तरंगत यायचा आणि कित्येकदा जमिनीवर आडवाच पडायचा. मग फेक बरोबर की चूक, यावरून वाद!

यावर 1986 मध्ये उपाय झाला. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे, म्हणजे टोकाकडे सरकवला. बस्स, एवढंच!

गुरुत्वमध्य म्हणजे काय, ते आत्ताच करून पाहा. एक पेन्सिल बोटावर आडवी तोलून धरा. ती जिथे तोल सांभाळते, तो तिचा गुरुत्वमध्य. आता एका टोकाला चिकणमातीचा छोटा गोळा लावा. तोलाची जागा गोळ्याकडे सरकली ना? भाल्याचंही तसंच झालं. गुरुत्वमध्य पुढे गेला, त्यामुळे हवेचा रेटा त्याच्या मागच्या बाजूवर पडू लागला. शेपटी वर उचलली जाऊ लागली आणि टोक लवकर खाली वळू लागलं. आता भाला जमिनीत कसा नीट रुतून बसतो! त्याच वर्षी नव्या भाल्याने जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायरने विश्वविक्रम केला, तो 85.74 मीटरचा. पाहा, फक्त 4 सेंटिमीटर, पण फरक किती मोठा! महिलांच्या भाल्यात असा बदल 1999 मध्ये झाला.

पण माणसाचं डोकं स्वस्थ बसतं का? हंगेरीचा मिक्लोश नेमेथ हा 1976 चा ऑलिंपिक विजेता. त्याने मागचा भाग खरबरीत असलेला भाला काढला. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ना, तसाच हा खटाटोप, हवेचा विरोध कमी करण्याचा. या प्रकारच्या भाल्याने फिनलंडच्या सेप्पो रॅटीने 1991 मध्ये 96.96 मीटर फेक केली. लगेच त्या वर्षी असे भाले बंद झाले आणि त्यांच्यावर झालेले विश्वविक्रमही पुसले गेले.

म्हणजे तंत्रज्ञान वाईट का? मुळीच नाही! आज फेकीचं अंतर इलेक्ट्रॉनिक यंत्राने झटपट आणि अचूक मोजतात. सरावात वेगवान कॅमेरे लावतात. हातातून सुटताना भाल्याचा वेग किती, कोन किती, गुडघा वाकला का, हे खेळाडूला संथ चित्रात दिसतं. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहिली की सुधारणं सोपं जातं, नाही का? ही मदत खेळाडूला घडवते, त्याचं काम हिसकावून घेत नाही. नियम करणाऱ्यांना नेमकी हीच सीमारेषा सांभाळायची असते : जिंकावं खेळाडूने, भाल्याने नव्हे.

आता एक गंमत ऐका. आपला नीरज चोप्रा, ज्याने 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत 87.58 मीटर फेकून सुवर्णपदक आणलं, त्याला 2018 मध्ये कोण शिकवत होतं? तोच 104.80 मीटरवाला उवे होन! आणि नीरजने मे 2025 मध्ये दोह्यात 90.23 मीटर फेकून पहिल्यांदा नव्वदी ओलांडली, तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता यान झेलेझ्नी. नव्या भाल्याचा 98.48 मीटरचा विक्रम त्यानेच 1996 मध्ये केला होता. जुन्या आणि नव्या, दोन्ही भाल्यांचे राजे एका शिष्याचे गुरू झाले!

आणि एक गोष्ट पालकांसाठीही. चांगला भाला महाग असतो. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने मार्च 2024 मध्ये सांगितलं होतं, की आपला भाला सात-आठ वर्षं वापरून खराब झाला आहे, नवा हवा आहे. त्यावर आश्चर्य आणि काळजी व्यक्त करणाऱ्यांत त्याचा प्रतिस्पर्धी नीरजही होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला अर्शदने 92.97 मीटर फेकून सुवर्ण जिंकलं आणि नीरजला रौप्य मिळालं. भाल्याचा आकार नियमाने सारखा करता येतो, पण तो प्रत्येक गुणी मुलाच्या हाती पोचवण्याचा नियम कुणी करत नाही. ते काम शाळेचं, गावाचं आणि आपलं सर्वांचं आहे.

मुलांनो, या रविवारी एक प्रयोग करा. कागदी विमान बनवा. आधी क्लिप अगदी नाकाशी लावून उडवा, मग थोडी थोडी मागे सरकवत पुन्हा उडवा. दर वेळी पावलांनी अंतर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पण प्रत्येक वेळी जोर सारखाच लावायचा, बरं का! तोच तर खरा खेळ.