पावसाच्या डबक्यातलं अख्खं आयुष्य

झिम्बाब्वे आणि मोझांबिकच्या गवताळ सपाटीवर पावसाळ्यात डबकी साचतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आटून जातात. टर्क्वॉइज किलिफिश राहतो तो याच डबक्यांत. मोझांबिकमध्ये अंड्यातून बाहेर आल्यावर अवघ्या १४ दिवसांत वयात आलेले मासे सापडले आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याहून वेगवान वाढ आजवर नोंदलेली नाही.

पाणी आटलं की मोठे मासे मरतात, चिखलातली अंडी उरतात. आतल्या गर्भाची वाढ तीन ठरावीक टप्प्यांवर थांबू शकते आणि असा थांबलेला गर्भ कोरड्या मातीत महिनोन् महिने तग धरतो. त्याहून विलक्षण म्हणजे सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. दुबार पेरणीसाठी बियाणं राखून ठेवावं, तशी काही अंडी मातीतच थांबतात. पहिला पाऊस फसवा निघाला तरी वंश टिकतो.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण पाण्यात सोडतो तो गप्पी याच गणातला, पण त्याची मादी गर्भ पोटात वाढवून थेट पिल्लं देते.

किलिफिश प्रयोगशाळेतही साधारण चार ते सहा महिनेच जगतो. त्यामुळे वार्धक्याच्या संशोधनात त्याला फार मोल आलं. २०१५मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला.